गोठवलेली पदे

पारा सेहेचाळीसवर,
आणि पत्रात लिहिलंय : पदे गोठवली आहेत.
सहमच्या या शेतावर
मासळीवाल्याचा बर्फसुद्धा अकरापर्यंत टिकत नाही.
पत्र खजुराच्या सावलीत नेऊन पुन्हा वाचलं.
गोठवली आहेत.

डॉक्टर अब्देलमाजिद अकरा वर्षं
दोनशे बारा लिंबांवर चेटकिणीचा झाडू मोजत होते.
रोगाचं नाव आहे ते, जादूटोणा नव्हे.
फांदीच्या टोकाला बारीक पानांचा जुडगा फुटतो,
झाड केर काढायला निघाल्यासारखं दिसतं
आणि निघता निघता वाळतं.
त्यांचं कंत्राट जूनमध्ये संपलं.
वाद मदनीला नाही गेले, तिथे घर उरलंय की नाही ठाऊक नाही,
पोर्ट सुदानला गेले, मेहुण्याकडे.
जाताना भिंग माझ्या हातात ठेवलं. म्हणाले,
झाडांना सांगू नका.

मार्चअखेर इथे डिसेंबरात येते,
पण येते तशीच, धापा टाकत.
हिशेब खात्यातली थुरैया रात्री नऊला फोन करते :
पैसे उरलेत, उद्या परत जातील.
मी म्हणते, एक माणूस दे. सहा महिन्यांसाठी दे. अर्धा दे.
ती म्हणते, या लेखाशीर्षात माणूस बसत नाही.
मग काय बसतं?
जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज.
खुर्ची बसते.

चाळीस आल्या. काळ्या, फिरत्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या.
प्रयोगशाळेत आम्ही तिघं.
विहिरीचा खारटपणा मोजायच्या मीटरचा इलेक्ट्रोड
दोन वर्षांपूर्वी गेला, तो सुट्या भागांत मोडतो,
सुटे भाग कशातच मोडत नाहीत.
हल्ली मी पाणी जिभेवर घेते.
समुद्र विहिरीत शिरतोय
एवढं कळायला जीभ पुरते,
अहवालाला पुरत नाही.

नोआखालीचा मोफज्जल कुठल्याच यादीत नव्हता,
म्हणून त्याला गोठवता आलं नाही.
त्याने एक खुर्ची ओढत बागेत नेली,
चाकं वाळूत रुतली, ते बरंच झालं,
तिच्यावर उभा राहून वरचे शेंडे मोजू लागला.
संध्याकाळी वही आणून द्यायचा, मी आकडे चढवायचे.
आठ. आठ. पाच. पुन्हा आठ.
नऊ आठवडे मी एक बाग मरताना टाइप करत होते.

परवा चहा पिताना
त्याने कुठल्याशा झाडासाठी चार बोटं दाखवली.
वहीत आठ होता.
चार, तो म्हणाला, बांगला चार,
आणि सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर काढला :
गोल, त्याखाली गोल.
मी शेजारी माझा चार काढला, डोक्यावर उघडा.
दोघांनी बराच वेळ बघितलं.
तेवढ्या फटीतून कितीतरी झाडं
चालत परत आली.

अहवाल तोवर मस्कतला पोचला होता.
आज सकाळी थुरैया फोनवर हसत होती,
या वर्षात पहिल्यांदाच.
रोग दुप्पट झाला म्हणून समिती घाबरली म्हणे,
एक पद वितळेल. फक्त एक.
तुमचे ते सुदानी डॉक्टर, त्यांचा नंबर आहे ना?

नंबर आहे.
दुपारभर तो समोर घेऊन बसले.
मग दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं :
आठ नव्हे, चार. वाचनातली चूक माझी.
बाग बरी आहे.
इतकी साधी तीन अक्षरी-दोन अक्षरी वाक्यं
आयुष्यात कधी इतकी जड गेली नव्हती.

बाहेर मोफज्जल शेवटची ओळ मोजतोय,
खुर्चीवर चवड्यांवर उभा.
पाठवायच्या बटणावर बोट आहे.
खालचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही,
श्वास घेतला तरी कुरकुरतं,
आणि मी पाय टेकवलेले नसल्यामुळे
खुर्ची आपोआप थोडी फिरते,
विहिरीच्या बाजूला.